वांगी रंगाची सीट

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की मला माणसांच्या आधी रंग दिसतात. तो मला बघायला आला त्या दिवशी मी त्याच्याकडे नीट पाहिलंच नाही, 'शर्टाची कॉलर एका ताग्यातली आणि बाह्या दुसऱ्यातल्या' एवढंच आत जाऊन आईला सांगितलं, हे तो अजून चारचौघांत सांगतो. खोटं नाही ते. मी चाकणच्या एका कारखान्यात रंगखात्यात तपासणीला आहे. गाड्यांचे बंपर, आरशांची कव्हरं, दारांच्या मुठी रंगून आमच्या टेबलावर येतात आणि त्यांची शेड ठरलेल्या नमुन्याशी जुळते की नाही ते मी बघते. जुळली तर माल पुढे, नाही तर मागे. आकडे दाखवणारं यंत्र आहे, पण यंत्राचं आणि डोळ्याचं भांडण झालं तर आमच्याकडे डोळा जिंकतो.

हा डोळा मला आप्पांकडून मिळाला. आप्पा म्हणजे माझे वडील. पिंपरीच्या एका कंपनीत निवृत्त होईपर्यंत त्यांनी हेच काम केलं. त्यांनी हात वर केला की लाइन थांबायची, मग समोर साहेब असो नाही तर साहेबाचा साहेब. मी शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी ते आईची दोऱ्याची रिळं माझ्यापुढे ओतायचे आणि उन्हात ओळीने लाव म्हणायचे. एक रीळ इकडचं तिकडे झालं की पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्या मुली लगोरी खेळत असायच्या आणि मी अबोलीच्या पुढे शेंदरी की शेंदरीच्या पुढे अबोली याचा घोळ निस्तरत बसायचे. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग यायचा. आता पगार त्याच रिळांचा मिळतो.

आमचं घर मोशीच्या जुन्या गावठाणात. शेतं गेली, त्यांच्या जागी इमारती आल्या, पण घरामागची पत्र्याची शेड अजून आहे. लग्न होऊन मी दोन गल्ल्या पलीकडेच गेले, त्यामुळे शेड मला परकी झाली नाही. त्या शेडच्या तुळईला आप्पांची रेसिंग सायकल टांगलेली होती. बारीक चाकं, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, गिअरच्या दोन छोट्या दांड्या. तरुणपणी ते आठवडाभर तिच्यावरून कंपनीत जायचे आणि रविवारी शर्यतीला. सायकलीचा रंग वांगी. त्या काळी रस्त्यावर सगळ्या सायकली काळ्या नाही तर हिरव्या, त्यात ही एक वांगी, आणि सीटसुद्धा तशीच, कारण आप्पांनी सीटचं कातडं रंगखात्यातल्या एका कारागिराकडून त्याच शेडमध्ये रंगवून घेतलं होतं. भोसरीपासून देहूरोडपर्यंत लोक तिला 'वांगं' म्हणत. वांगं पुढे गेलं, वांगं मागे पडलं, अशी भाषा.

मी ती खाली काढली ती आप्पांसाठी. पंचाहत्तरीला टेकलेले, पण दणकट माणूस. रोज स्कूटरवरून देहूपर्यंत जाऊन नदीकाठी बसून येणारे आप्पा गेलं वर्षभर घरी बसून होते. विचारलं की म्हणायचे, स्कूटरची बॅटरी गेलीय. बॅटरी आणून दिली तर म्हणायचे, आता रस्त्यावर मजा न्हाई राहिली. दिवसभर ओट्यावर बसून समोरच्या इमारतीकडे बघत राहायचे. मला ते बघवेना. मी मनाशी ठरवलं, वांगं पुन्हा उभं करायचं आणि आप्पांना त्याच्यावर बसवून देहूला पाठवायचं. एकदा मनात आलं की मला दम निघत नाही, हा माझा जुना रोग आहे.

सायकल म्हणजे गंजाचा सांगाडा होती. रंगाचा पत्ता नाही, सीट उंदरांनी खाऊन नुसती तार राहिलेली. पण हँडलखाली पत्र्याचा एक बिल्ला होता. तो मी स्क्रू काढून उचकटला आणि खाली नखाएवढा मूळ रंग दिसला. ऊन-पाऊस न लागलेला, जसाच्या तसा. मी शेडमध्ये एकटीच होते, तरी 'सापडलास' असं मोठ्याने म्हणाले. आमच्या कारखान्याला रंग पुरवणाऱ्यांचा एक माणूस माझ्यासारखाच वेडा आहे. त्याने त्या नखाएवढ्या तुकड्यावरून हौसेने डबाभर रंग करून दिला. भोसरीतल्या एका रंगाऱ्याने सांगाडा घासून, अस्तर देऊन, तीन हात मारून दिले. सायकल अंगणात आणली तेव्हा आप्पा ओट्यावरून उतरले, नळीवरून पालथा हात फिरवला आणि म्हणाले, "व्हय. हीच."

मला वाटलं, जिंकलं. मी तयारच होते, पिशवीतून नवी काळी सीट काढली.

"काळी?" आप्पा म्हणाले. "नवरीला शालू नेसवलास आन् पायात गमबूट घातलेस व्हय गं?"

"आप्पा, सीटवर तुम्ही बसणार. खाली कोणाला दिसतीय?"

"शेड बसल्याबिगर गाडी गेटाबाहेर जात न्हाई," असं म्हणून ते पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. हे त्यांचं कंपनीतलं वाक्य. मीही रोज हेच वाक्य वापरते, त्यामुळे मला वाद घालायला जागा उरली नाही. पण खरं सांगायचं तर मी खूश झाले. वर्षभरात पहिल्यांदा ते कशासाठी तरी अडून बसले होते.

मग सुरू झाला सीटचा शोध, आणि ते दोन महिने मी जशी जगले तशी एरवी जगत नाही. फर्स्ट शिफ्ट सुटली की बसमध्ये झोपायचं सोडून मी मोबाइलवर सीटा बघायचे. पिंपरी कॅम्पातली सगळी सायकलची दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने लहान मुलींच्या सायकलीची जांभळी सीट काढून दाखवली, तिच्यावर फुलपाखरू होतं. मी त्याला वांगी आणि जांभळा यांतला फरक समजावून सांगायला लागले. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही वांगी घेऊन या, मी लावून देतो."

जुन्या सायकली जमवणाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप असतो हे मला तेव्हा कळलं. त्यात मी उंदरांनी खाल्लेल्या तारेचा फोटो टाकला आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, शेजारच्या माण गावात राहणाऱ्या एका माणसाचा लगेच फोन आला. त्याच्याकडे अगदी त्याच घडणीची कातडी सीट होती, रंग तपकिरी, पण कातडं शाबूत. "ताई, रविवारी या," तो म्हणाला. रविवार चार दिवसांवर होता. मी त्याच संध्याकाळी निघाले. संध्याकाळी सहाला हिंजवडीत स्कूटर घालणं म्हणजे काय हे तिकडे जाणाऱ्यांना सांगायला नको. कंपन्यांच्या कॅबच्या भिंतीतून एक-एक वीत पुढे सरकत मी माणला पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती, आणि मला त्याचं काहीही वाटलं नव्हतं.

त्या भल्या माणसाच्या गॅलरीत सायकलीच सायकली होत्या. वाळत घातलेले कपडेसुद्धा त्याने सायकलींना जागा देऊन उरलेल्या फटीत घातले होते. सगळ्यात आवडती सायकल त्याने मला मोठ्या कौतुकाने दाखवली, निळी, चकचकीत. "सगळा मूळ रंग आहे, राव," तो म्हणाला. पुढच्या चाकाचा चिमटा नंतर रंगवलेला होता, हे मला दारातूनच दिसलं होतं. सांगायला नको होतं. पण राहवलं नाही. तो चिमट्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "आता मला रोज तेवढंच दिसणार." तरी त्याने सीट दिली, म्हणून मी त्याला भला म्हणते. बदल्यात सायकल तयार झाली की फोटो पाठवायचा, एवढीच अट घातली.

आता तपकिरी कातडं वांगी करायचं होतं. चाकणला टेम्पो उभे राहतात तिथे मोटारसायकलींच्या आणि टेम्पोच्या सीटा शिवणारा एक कारागीर आहे, लातूरकडचा. त्याचे काका चपला करायचे, त्यामुळे कातडं रंगवायचं त्याला ठाऊक होतं. मी रंगवलेल्या पत्र्याचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला आणि असाच रंग पाहिजे म्हणाले. त्याने सीट हातात उलटीपालटी केली.

"आसं जुनं कातडं आता बघाया मिळत न्हाई, ताई. पर येवढं कशापाई करायलाव? काळी टाका की झकास."

"शेड बसली पाहिजे," मी म्हणाले.

पहिली वेळ फसली ती माझ्या घाईने. रंगवलेली सीट त्याने दुकानातल्या ट्यूबखाली दाखवली, मी पत्र्याचा तुकडा शेजारी धरला, तंतोतंत. आनंदाने नाचत बाहेर आले आणि उन्हात बघते तर सीट लाल मारत होती. कारखान्यात नव्या माणसांना मी रोज ओरडते, की ट्यूबखाली पास करू नका, उन्हात न्या. लोखंडावरचा रंग आणि कातड्यावरचा रंग वेगवेगळ्या मसाल्यांतून होतात. एका उजेडात गळ्यात गळा घालतात आणि दुसऱ्या उजेडात एकमेकांना ओळखत नाहीत. हे सगळं मला पाठ आहे, आणि तरी मी ट्यूबखाली हुरळले. कारागिराला मात्र गंमत वाटली. त्याने हसत हसत कातडं पुन्हा धुऊन उतरवलं.

दुसऱ्या वेळी मी त्याच्या दुकानासमोर रस्त्यावर, भर दुपारी, हातात तुकडा धरून उभी राहिले आणि थेंब थेंब निळा घालायला लावला. जाणारे-येणारे ट्रक बघत होते. एका क्षणी तुकडा आणि कातडं यांच्यामधली रेघ दिसेनाशी झाली. मी त्याला थांब म्हणाले. सीट सुकल्यावर पुन्हा उन्हात बघितली, सावलीत बघितली, दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत घालून कारखान्यात नेली आणि साहेबांना विचारून आमच्या तपासणीच्या दिव्याखाली ठेवली. सगळ्या उजेडांत जुळत होती. इतकी चांगली शेड मी गेल्या कित्येक वर्षांत बघितली नव्हती. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि मोशीच्या पुलापर्यंत उगाच हसत होते.

सीट सायकलीला बसवली, सायकल उन्हात ओढली आणि आप्पांना हाक मारली. ते आले, डोळे बारीक केले, एकदा इकडून, एकदा तिकडून बघितलं.

"आमसुली झालीया," ते म्हणाले.

"काय?"

"आमसुली. तपकिरी मारतीया. निळं कमी पडलं."

मी आईला बोलावलं. आईने सीटकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं आणि म्हणाली, "एकच तर आहे." आप्पा म्हणाले, "तू गप, तुला काय कळतंय त्यातलं." आई आत निघून गेली.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. दोन तपासनिसांचं पटलं नाही तर आधी दिवा तपासायचा, मग नमुना तपासायचा, मग माल. समोरच्याच्या डोळ्यावर बोट ठेवायचं नाही. डोळा म्हणजे माणसाची इभ्रत. कुणी कुणाला 'तुला नीट दिसत नाही' म्हणाला तर हाणामारी होते, मी स्वतः बघितली आहे. ही रीत मला आप्पांनीच शिकवली, आणि मी तिच्याप्रमाणे नीट पायरीपायरीने चुकले.

दिवा तपासला, म्हणजे सकाळचं ऊन, दुपारचं ऊन, ढगाळ दिवस असं सगळं करून बघितलं. नमुना तपासला, पुन्हा बिल्ला उचकटून तो नखाएवढा तुकडा बघितला. मग माल. चाकणला जाऊन कारागिराला म्हणाले, अजून निळं घाल. एव्हाना त्याचा एक नातेवाईक तशीच जुनी सीट गावाकडून घेऊन आला होता, म्हणून दुसऱ्या वेळची सीट तशीच ठेवून या नव्या आलेल्या सीटवर तिसरी शेड केली. आप्पा म्हणाले, "जरा बरी हाय. पर अजून आमसुलीच." मला मात्र ती चक्क जांभळी दिसत होती.

आणि इथे माझं डोकं फिरलं. आप्पांची शेड आजवर चुकली नव्हती. मग चुकत होते मी. कारखान्यात एका सकाळी मी आरशांच्या कव्हरांचा आख्खा माल अडवला, म्हणाले निळं कमी वाटतंय. साहेबांनी यंत्र लावलं, दुसऱ्या पाळीच्या बाईला बोलावलं, माल उत्तम होता. साहेबांनी मग माझ्याकडे जसं बघितलं ते मला लागलं. त्या दिवशी बसमध्ये मी रडले. माझ्याकडे दुसरं आहे काय, हा डोळाच तर आहे.

नशीब असं, की त्याच आठवड्यात आमची वर्षाची डोळेतपासणी होती. लांबट पेट्या असतात, त्यात बटणाएवढ्या रंगीत टोपण्या, त्या रंगाच्या क्रमाने लावायच्या. टोपणीखाली आकडा असतो, पेटी उलटी केली की चूक कळते. मी प्रत्येक टोपणी दोनदा पडताळून ठेवली. तपासणारी बाई म्हणाली, "सगळ्या बरोबर. दरवर्षीसारखंच." मी तिला पुन्हा बघायला लावलं. ती म्हणाली, "अहो, तुमचे डोळे शाबूत आहेत, दुसरं काहीतरी बघा."

दिवा बरोबर, नमुना बरोबर, माल बरोबर, माझा डोळा बरोबर. खुर्चीत बसल्याबसल्या मला कळलं की काय राहिलंय. आमचे डोळे दरवर्षी तपासतात. आप्पा निवृत्त झाल्यापासून त्यांचे कुणी तपासलेच नव्हते, आणि मी त्यांची लेक, रोज त्यांच्यासमोर चहा पिणारी, सीटा बदलत बसले होते.

मी त्या बाईकडून एका दिवसासाठी पेटी मागून घेतली. रविवारी सकाळी ओट्यावर चटई टाकली आणि आप्पांना म्हणाले, "तुमचा डोळा चांगला की माझा, एकदा होऊन जाऊ दे." एवढं म्हटल्यावर ते मागे हटणार नव्हते. मांडी घालून बसले, बाह्या वर केल्या. लाल-पिवळ्या टोपण्या त्यांनी झटक्यात लावल्या, हिरव्या लावल्या. निळ्या-जांभळ्यांवर आल्यावर हात थबकला. एक टोपणी उचलायची, दुसरीशेजारी धरायची, परत ठेवायची. असं खूप वेळ चाललं. शेवटी त्यांनी लावल्या आणि माझ्याकडे बघितलं. त्या ओळीकडे बघवत नव्हतं. जांभळ्यात निळी, निळ्यात राखाडी, दिवाळीत पोरांनी रांगोळीचे डबे सांडावेत तशी.

"काय? पास का नापास?"

'पास' म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पेटी बंद केली असती, तिसरी जांभळी सीट अजून निळी करून लावली असती, कोणाचं काय बिघडलं असतं? पण ज्या माणसाने मला आयुष्यात एकदाही खोटी शेड पास करू दिली नाही, त्याच्याच तोंडावर मी ते करणार होते. मला ते जमलं नाही.

"नापास, आप्पा."

त्यांनी ओळीवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मग विचारलं, "कुठं?"

"निळ्या-जांभळ्यात."

"लाल-हिरव्यात?"

"ते बरोबर आहे."

"म्हंजी दुसरी सीट चांगली व्हती."

"हो."

त्यांनी टोपण्या एक-एक करून पेटीत ठेवल्या. "मला दिसंना झालंय हे मला ठाव हाय," ते म्हणाले. "वरीस झालं. समोरनं गाडी आली की दिव्याभवती नुसता पिसारा. स्पाइन रोडला एक बाई रस्ता वलांडत व्हती, मला दिसलीच न्हाई. तीच वरडली म्हणून वाचली. त्या दिसापासनं स्कूटर लावून ठिवली."

"मग सांगायचं ना, आप्पा."

"काय सांगू? रंगवाल्याला दिसंना म्हणून?" पेटी माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "सीट मला खरंच आमसुली दिसत व्हती, पोरी. खोटं न्हाई बोललो. पर बरं वाटायचं. शेड बसली असती तर तू मला रस्त्यावर काढलं असतंस."

मला स्वतःचा इतका राग आला की मी उठून शेडमध्ये गेले आणि तिथे उगाच सायकलीचे लोखंडी पाने आपटत बसले. दोन महिने मी त्यांना आनंद देत होते आणि दोन महिने ते मला घाबरत होते. परत आले तेव्हा आप्पा ओट्यावर तसेच बसलेले होते. म्हणाले, "डाक्टरकडं कवा जायचं ते बघ."

डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, म्हणाले, पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं, निळा मरतो. म्हणजे मला ट्यूबखाली झालं तेच आप्पांना भर उन्हात होत होतं, त्यांच्या डोळ्यात लोखंडावरचं वांगी आणि कातड्यावरचं वांगी जुळणारच नव्हतं. आधी उजवा, काही आठवड्यांनी डावा. आप्पांनी एकच विचारलं, "रंग परत येत्यात का?" डॉक्टर म्हणाले, येतात. त्यानंतर आप्पांनी तारखांबद्दल कधी कुरकुर केली नाही.

आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पट्टी निघाली, घरी आले, गाडीतून उतरल्यावर मान वर करून उभे राहिले. "आभाळ येवढं निळं कवापासनं हाय?" त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, पहिल्यापासनं. घरात शिरले आणि भिंतींवर घसरले. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच निवडलेला रंग त्यांना पिस्त्यासारखा हिरवा दिसला, साय-रंग म्हणून निवडला होता. आईची निळी साडी बघून म्हणाले, ही नवी कधी घेतली, ती नेसून आई तीन वर्षं वावरत होती. दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून गल्लीत गेले आणि शेजाऱ्याला सांगून आले, की तुमच्या गाडीचा मागचा दरवाजा नंतर रंगवलाय, आणि वाईट रंगवलाय. शेजाऱ्याने ती गाडी नवी म्हणून घेतली होती. घरात भांडण लागलं त्यांच्या. मी आप्पांना गप्प बसवायला गेले आणि मलाच हसू आवरेना.

दुसरा डोळाही झाला. मी दोन्ही सीटा चटईवर मांडल्या, मध्ये पत्र्याचा तुकडा ठेवला. आप्पांनी वाकूनसुद्धा बघितलं नाही. उभ्यानेच चपलेच्या टोकाने दुसऱ्या सीटकडे दाखवलं, "ही." मग तिसरीकडे बघून म्हणाले, "आन् हे जांभळं कुणी केलं?"

"तुम्हाला त्यातल्या त्यात तीच बरी वाटली होती."

"मला?" आप्पा म्हणाले. "कायबी बोलू नगंस."

डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली तो शनिवार होता. मी ठरवलं होतं, रविवारी मी स्कूटरवरून मागे मागे जायचं. पण रविवारी सकाळी मी गेले तर अंगणात सायकल नव्हती. आई म्हणाली, उजाडताच गेले. फोन देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला. मी फाटकात उभी राहिले. आधी खूश होते, मग चिडले, मग चिखलीच्या रस्त्यावरचे ट्रक आठवायला लागले. उन्हं चांगली वर आली तरी पत्ता नाही. स्कूटरची चावी हातात घेतली तेवढ्यात कोपऱ्यावरून आप्पा वळले. शर्ट घामाने चिकटलेला, तोंड लाल, आणि खालचं वांगं असं झळकत होतं की गल्लीतली दोन माणसं थांबून बघायला लागली.

"फोन घरात ठेवून जातात का?" मी सुरू केलं. "मी इथे कधीची उभी आहे..."

आप्पा उतरले. मी बोलत राहिले आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ऊन समोरून माझ्या चेहऱ्यावर येत होतं.

"तुझ्या डोळ्याखाली येवढं काळं कवा झालं गं?" ते म्हणाले.

"झालं असेल."

"कवा?"

"चार-पाच वर्षं झाली. शिफ्ट बदलत राहतात, झोप लागत नाही."

"आन् केस?"

"तेही."

"रोज तर येतीस माझ्यासमोर," आप्पा म्हणाले. "मला तू आपली तशीच दिसायचीस. लगीन झालं तवा व्हतीस तशी."

आप्पांनी सायकल भिंतीला टेकवली, माझ्या हातातली चावी काढून घेतली आणि म्हणाले, "आत जा. झोप." मी घरी पोरांचा डबा, नवऱ्याचं काही, असं काहीबाही बोलले. ते म्हणाले, तुझ्या घरी मी सांगून येतो. मी आईच्या खोलीत आडवी झाले आणि दुपार टळेपर्यंत झोपले. उठून दार उघडलं तर आप्पा बाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला हळू बोला म्हणून खुणावत होते.